गढूळ समुद्राचा हिशेब

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातील काही पुनरुक्ती वगळली आहे.)



गणपतीसमोर व्याख्यान म्हटले की साहित्य, संगीत किंवा अध्यात्म असा विषय अपेक्षित असतो. आम्ही मात्र आज आपल्याशी चिखलाविषयी बोलणार आहोत. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'गाळ' असे सांगितले. त्यांना वाटले, विश्वामित्रीच्या पुराविषयी बोलायचे आहे. तोही उल्लेख पुढे येईल, पण मुख्य विषय आपल्या खंभातच्या आखाताचा आहे.

आम्ही राज्य शासनाच्या सेवेतील स्थापत्य पदविकाधारक. किनाऱ्यावर आणि नदीच्या मुखाशी पाणी किती चढले, तळ किती खाली आहे, पाण्यात गाळ किती आहे, हे मोजणे आमच्या कामात येते. आमच्यासारख्यांना मोठे सिद्धांत मांडता येत नाहीत, पण जे रोज मोजतो ते सांगता येते.

वडोदऱ्यात तीन-चार पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांची समुद्राची कल्पना अजून कोकणातलीच आहे. गणपतीपुळे, मालवण, हर्णै, नाहीतर गोव्याचा कळंगुट. पायाखाली वाळू, समोर निळे-हिरवे पाणी. मग कधीतरी श्रावणी सोमवारी आपण कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला जातो. वडोदऱ्याहून जंबुसरमार्गे दोनएक तासांचा रस्ता. तिथे समोर दिसते ते चहासारखे पाणी आणि मैलोगणती चिखल. परत येताना गाडीत कुणीतरी म्हणतेच, "देऊळ छान, पण समुद्र काय घाणेरडा!"

हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की त्याचे उत्तर एकदा नीट द्यावे असे वाटले. ते पाणी घाणेरडे नाही. ती जमीन आहे, पाण्यात उचललेली. दिवसातून दोनदा समुद्र ती उचलतो, दोनदा खाली ठेवतो, आणि प्रत्येक वेळी ठेवण्याची जागा थोडी बदलतो. या उचल-ठेवीचा हिशेब ज्यांनी ओळखला त्यांचा व्यापार चालला, बंदरे टिकली, जीव वाचले. ज्यांनी तो धरला नाही त्यांचे काय झाले, हेही आपल्या गुजरातच्या इतिहासात लिहिलेले आहे.

सुरुवात घरातूनच करू. आता पुष्कळ घरी शाडूची मूर्ती आणतात आणि बादलीत विसर्जन करतात. शाडूचाही आपल्या आखाताशी संबंध आहे. पेणच्या कारखान्यांत लागणारी शाडू बरीचशी भावनगरकडून जाते. ती खाणीतली माती, समुद्रातला चिखल नव्हे, पण कण तितकेच बारीक.

मूर्ती विरघळली की बादली ढवळा आणि थांबा. मूर्तीत थोडी रेती असेल तर ती आधी तळाला बसते, अगदी मिनिटा-दोन मिनिटांत. त्यावर मऊ गाळ बसतो, त्याला काही तास लागतात. आणि वरचे पाणी दुसऱ्या दिवशीही दुधट दिसते. ही सगळी करामत कणाच्या आकाराची. एक मिलिमीटरचा दहावा भाग एवढा वाळूचा कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली यायला दोनएक मिनिटे घेतो. त्याच्या दहापट बारीक कणाला सुमारे तीन तास लागतात. आणखी दहापट बारीक, म्हणजे खऱ्या चिकणमातीच्या कणाला, एकट्याने तेवढेच अंतर उतरायला बारा-तेरा दिवस लागतील. कण दहापट बारीक झाला की खाली बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो.

आता त्याच बादलीत मूठभर मीठ टाका. पाणी बरेच लवकर निवळेल. आपल्या आज्या पावसाळ्यात पाण्यात तुरटी फिरवत, त्यातलाच हा प्रकार. गोड्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना दूर लोटतात. खारट पाण्यात ते लोटणे कमी होते, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि पुंजका जड म्हणून लवकर बसतो. म्हणूनच नदी समुद्राला भेटते तिथे गाळ साचतो. नदीने शेकडो मैल सांभाळून आणलेली माती खाऱ्या पाण्याच्या पहिल्या स्पर्शात हातातून सुटू लागते.

एवढ्यावर भागले असते तर आखाताचे पाणीही कधीच निवळले असते. पण बादली कुणीतरी सतत ढवळत असेल तर? आखातात ढवळणारे दोघे आहेत : भरती आणि लाट. त्यांची कामे वेगवेगळी आहेत, म्हणून एकेकाचे पाहू.

आधी भरती. कोकणातल्या जुन्या माणसांना घड्याळाशिवाय भरतीची वेळ सांगता येई. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे मुंबईच्या बाजूला दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. हिशेब ढोबळ आहे, पण कामाचा आहे. रोज भरती सुमारे पाऊण-पाऊण तास पुढे सरकते आणि दोन भरतींमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, हे सगळे त्या एका पाऊणपटीत बसले आहे. आपल्याकडे मात्र हा हिशेब तसाच लावू नये. मुंबईची भरती आखाताच्या टोकापर्यंत पोहोचायला काही तास जातात. भावनगरची वेळ मुंबईच्या कितीतरी मागे असते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा भरती सर्वात मोठी. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती सर्वात लहान. ती भांगाची भरती. म्हणजे गणपती बसतात ते उधाण ओसरत असताना, आणि अनंत चतुर्दशी येते ती पुढच्या उधाणाच्या तोंडावर. त्यात सप्टेंबर म्हणजे दिवस-रात्र समान होण्याचा काळ, तेव्हाची उधाणे वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी. २०२५ साली मुंबईत गिरगाव चौपाटीवर लालबागच्या राजाचे विसर्जन भरतीमुळे कित्येक तास खोळंबले, ते आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिले. मंडळे, पोलीस, गर्दी, सगळ्यांना समुद्रासाठी थांबावे लागले.

आता उंचीचे पाहू. उधाणाला गोव्यात पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी यांत साधारण २ मीटरचा फरक असतो. मुंबईत ५ मीटरच्या आसपास. आणि भावनगरला १० मीटर, कधी त्याहूनही अधिक, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा. जगातली सर्वात मोठी भरती कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात येते, सुमारे १६ मीटरची. आपल्या देशात मात्र खंभातच्या आखाताला तोड नाही.

एकाच अरबी समुद्रात एवढा फरक कसा? आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे. तोंडाशी रुंद आणि खोल, वर जावे तसे अरुंद आणि उथळ. आत शिरलेल्या पाण्याला बाजूला पसरायला जागा नाही, खाली खोली नाही, मग ते वर चढते. दुसरे कारण पाळण्याचे. पाळण्याला योग्य क्षणी हलकासा धक्का देत राहिले की झोका मोठा होतो. आखातातल्या पाण्याचा पुढे-मागे हेलकावण्याचा स्वतःचा एक काळ असतो. बाहेरच्या समुद्राची भरती त्याच्याशी बऱ्यापैकी जुळते, म्हणून झोका वाढतो.

पाण्याने सहा तासांत दहा मीटर चढायचे म्हणजे त्याला धावत यावे लागते. आखाताच्या अरुंद भागात उधाणाला प्रवाहाचा वेग सेकंदाला ३ मीटरपर्यंत जातो, ताशी दहा-अकरा किलोमीटर. तळावर घासण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, तिप्पट झाला की नऊपट. भांगाच्या दिवशी जो चिखल निवांत पडून असतो, तोच उधाणाच्या दिवशी उखडून वर येतो.

भरतीच्या एका फेरीत हा चिखल काय करतो ते पाहा. पूर्ण भरतीला पाणी थोडा वेळ उभे राहते. ना आत, ना बाहेर. या शांततेत जड कण खाली बसू लागतात. पण ती शांतता फार तर अर्ध्या-पाऊण तासाची. बारीक कणाला मीटरभर उतरायला तीन तास लागतात हे आपण बादलीत पाहिले. तो अर्ध्या वाटेवर असतानाच ओहोटी सुरू होते आणि त्याला परत उचलते. ओहोटी संपते, पाणी पुन्हा उभे राहते, पुन्हा तेच. बारीक गाळाला खाली बसायला कुणी वेळच देत नाही, म्हणून आखाताचे पाणी बाराही महिने गढूळ.

पाण्यातला गाळ मोजायची आमची पद्धत साधी आहे. होडीतून वरच्या थरातले, मधल्या थरातले आणि तळाजवळचे असे तीन नमुने घ्यायचे. ते गाळणकागदातून गाळायचे, कागद वाळवायचा आणि वजन करायचे. स्वच्छ किनाऱ्यावर हिवाळ्यात एका लिटरमध्ये काही मिलिग्रॅम गाळ निघतो. आखातात तो शेकडो मिलिग्रॅममध्ये जातो आणि उधाणाला तळाजवळ ग्रॅमच्या भाषेत बोलावे लागते. लिटरला एक ग्रॅम ऐकायला फार वाटत नाही. चमचाभर साखरेहूनही कमी. पण एक चौरस किलोमीटर क्षेत्र आणि दहा मीटर खोली एवढ्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम गाळ असेल, तर तो भरतो दहा हजार टन. दहा टनी हजार ट्रक, चौरस किलोमीटरमागे, पाण्यात तरंगत. आणि आखात हजारो चौरस किलोमीटरचे आहे.

इथे एक गंमत सांगतो, ती पुढे उपयोगी पडेल. खोली मोजायला हल्ली इको साउंडर वापरतात. यंत्र आवाज खाली सोडते आणि तो परत यायला लागलेल्या वेळेवरून खोली सांगते. भांगाच्या दिवसांत यंत्राने दाखवलेल्या जागी दोरीला बांधलेले शिशाचे वजन सोडले, तर ते तिथे न थांबता आणखी खाली जाते. कारण तळाशी दह्यासारखा पातळ चिखल जमलेला असतो. ना धड पाणी, ना धड जमीन. यंत्र त्याला तळ समजते, वजन समजत नाही. 'समुद्राचा तळ कुठे सुरू होतो?' या प्रश्नाला आपल्या आखातात एकच उत्तर नाही. उधाण आले की हाच दह्यासारखा थर पुन्हा पाण्यात मिसळतो. म्हणून आमच्याकडे कुणी नुसती खोली सांगितली की आम्ही आधी विचारतो, किती वाजता मोजली आणि तिथी कोणती?

यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट आता सांगायची आहे. भरती जेवढा गाळ आत आणते तेवढाच ओहोटी बाहेर नेते का? नेत असती तर वर्षाअखेर हिशेब शून्यावर आला असता. पण उथळ पाण्यात भरतीचा वरचा भाग लवकर पळतो आणि खालचा भाग मागे रेंगाळतो, कारण जिथे खोली जास्त तिथे लाटेचा वेग जास्त. परिणामी आखाताच्या टोकाकडे आणि नदीमुखांत भरती थोड्या तासांत जोराने आत घुसते, आणि ओहोटी जास्त तास घेऊन सावकाश बाहेर पडते. महीच्या मुखात हीच चढाई कधी पाण्याच्या भिंतीसारखी आवाज करत येते. जोर वर्गाच्या प्रमाणात, हे ध्यानात असेलच. म्हणजे येणारे पाणी जास्त गाळ उचलते, जाणारे पाणी तितका उचलू शकत नाही. दर फेरीला थोडा गाळ आतच राहतो. थोडाच, पण वर्षात अशा सातशेहून अधिक फेऱ्या होतात.

आता लाट. लाट पाण्याला फारशी पुढे नेत नाही. ती पाण्याला जागच्या जागी गोल फिरवते. ते फिरणे लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोहोचते. पावसाळ्यात खुल्या समुद्रातून येणारी दहा सेकंदांची लाट दीडशे मीटर लांब असते, म्हणजे तिचा हात सत्तर-पंचाहत्तर मीटर खोल पोहोचतो. वाऱ्याने उठलेली तीन सेकंदांची लहान लाट सातएक मीटरपर्यंतच पोहोचते. लाट तळाला मळते, सैल करते, कण वर उडवते. पण ते कुठे न्यायचे हे ती फारसे ठरवत नाही, ते प्रवाह ठरवतो. शेतात नांगर आणि बैलगाडी यांचे जे नाते, ते लाट आणि भरतीचे. एक उकरते, दुसरी वाहून नेते.

कोकण-गोव्यात भरती लहान, पण पावसाळ्यातली लाट जबरदस्त. तिथे नांगर मोठा आहे. गोव्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादच्या खाली, वाळूचा बांध आहे. पावसाळ्यात त्यावर लाटा फुटतात आणि मुख जहाजांना धोक्याचे होते, म्हणून त्या चार महिन्यांत तिथली ये-जा पूर्वीपासून बंद ठेवली जाई. आपल्या आखातात आतपर्यंत मोठ्या लाटा पोहोचत नाहीत, इथे गाडी मोठी आहे. तरीही ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर वीतभर पाणी असते तेव्हा लहान लाटसुद्धा वरचा थर खरवडून काढते. तिवरांची झाडे, ज्यांना आपले गुजराती शेजारी 'चेर' म्हणतात, तिथे लाटेचा जोर मोडतात आणि आलेला गाळ मुळांत धरून ठेवतात. किनाऱ्याला त्यांच्याइतका स्वस्त बांध दुसरा नाही.

आता इतिहासाकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाचे 'पेरिप्लस' नावाचे प्रवासवर्णन आहे. त्यात भरूचच्या बंदराचे वर्णन येते. भरतीला नदी उलटी वाहते, तळ अचानक उघडा पडतो, नवख्या जहाजाची धडगत नसते, असे तो सांगतो. म्हणून राजाच्या नोकरीतले कोळी आपल्या होड्या घेऊन पुढे समुद्रात जात आणि परदेशी जहाजांना भरतीच्या हिशेबाने ओढत आत आणत. दोन हजार वर्षांपूर्वी भरूचचा सगळा व्यापार या माणसांच्या ज्ञानावर उभा होता. त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी हा अरब प्रवासी खंभातला आला. ओहोटीने कोरड्या पडलेल्या वाळूवर त्याने एक कुत्रा पाहिला. डोंगरासारखी भरती आली. कुत्रा जीव खाऊन किनाऱ्याकडे धावला, तरी बुडाला. एवढ्या मोठ्या लेखकाला हजार वर्षांपूर्वी तो कुत्रा नोंदवावासा वाटला, यावरून त्या भरतीने त्याला किती हादरवले असेल ते कळते.

आणि खंभात शहर. एके काळी पश्चिम भारताचे मोठे बंदर, ज्याच्यावरून आखाताला नाव पडले. आधी आखाताच्या टोकाशी गाळ भरत गेला. मोठी जहाजे घोघ्याला थांबू लागली आणि माल लहान होड्यांतून, तोही उधाण साधून, खंभातला येऊ लागला. पुढे व्यापार सुरतेला गेला. राजकारण होते, युद्धे होती, सगळा दोष गाळाला देता येणार नाही. पण बंदराखालचे पाणीच गेल्यावर बंदर उभे कशावर राहणार? त्याहून जुने लोथल. एस. आर. राव यांनी १९५५ पासून तिथे उत्खनन केले आणि दोनशे मीटरहून लांब असा विटांचा हौद उजेडात आणला. तो गोदी म्हणून ओळखला जातो. आज समुद्र तिथून कित्येक किलोमीटर दूर आहे.

हा झाला जुना काळ. आपल्या डोळ्यांदेखत काय घडले? ऑक्टोबर २०१७ मध्ये घोघा-दहेज फेरी सुरू झाली. रस्त्याने तीनशेहून अधिक किलोमीटर, पाण्यावरून तीसएक किलोमीटर. आपल्यापैकी अनेकांनी हौसेने प्रवास केला असेल. कल्पना उत्तमच होती. पण दहेजच्या बाजूला गाळ भरत राहिला, जहाजाला पुरेशी खोली मिळेना, फेऱ्या थांबल्या. नोव्हेंबर २०२० पासून फेरी घोघा आणि हजीरा यांच्यामध्ये धावू लागली.

गाळ काढता येत नाही का, असे लोक विचारतात. काढता येतो. पण आपण तळात खड्डा केला की तिथे पाणी खोल होते, प्रवाह मंदावतो, आणि मंदावलेल्या पाण्यातून गाळ नेमका त्याच खड्ड्यात बसतो. अंगणात पावसाचे पाणी वाहत असताना खळगा करून पाहा, आधी तोच भरेल. म्हणून गाळ काढणे हा एकदाचा खर्च नसतो. घराच्या भाड्यासारखा तो दर महिन्याला येतो.

उलट उदाहरणेही आहेत. भावनगरच्या बंदराला पाण्याचे दार आहे. भरतीला ते उघडून जहाज आत घेतात आणि दार बंद करून ओहोटीतही आतले पाणी धरून ठेवतात. अलंगला १९८३ पासून जहाजे मोडतात. तिथे गोदीच बांधावी लागली नाही. उधाणाच्या भरतीत जहाज स्वतःच्या जोरावर किनाऱ्यावर चढवायचे, ओहोटी ते कोरड्यावर सोडून जाते. तिथल्या कामगारांच्या हालाविषयी पुष्कळ बोलण्यासारखे आहे, तो वेगळा विषय. आणि आपल्या बडोदे संस्थानाने मोठे बंदर काढले ते या आखातात नव्हे, थेट ओख्याला, १९२६ साली. संस्थानचा मुलूख दोन्हीकडे होता, पण खोल पाणी ओख्याला होते.

पुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आखातातला गाळ मुळात आला कुठून? साबरमती, मही, ढाढर, नर्मदा, तापी, शेत्रुंजी या नद्यांनी आणला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री आपल्या घरांत शिरली आणि ओसरताना फरशीवर, कपाटात, देवघरात जो गुळगुळीत चिखल ठेवून गेली, तो आपण हातांनी काढला आहे. तोच तो कण. विश्वामित्री ढाढरला मिळते, ढाढर आखाताला. आपल्या घरात थांबला नाही तो गाळ तिकडे गेला.

आता या नद्यांवर धरणे आहेत. तापीवर उकाई, महीवर कडाणा, साबरमतीवर धरोई, नर्मदेवर सरदार सरोवर. त्यांनी आपल्याला पाणी दिले, शेती दिली. वडोदऱ्यात बसून धरणाला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पण धरण पाण्याबरोबर गाळही अडवते. नदीकडून येणारा नवा गाळ कमी होतो आणि मुखातला जुना गाळ बाहेर ढकलणारे पुराचे पाणीही कमी होते. भरतीची आत ढकलण्याची ताकद मात्र तेवढीच राहते, ती चंद्राकडून येते. भरूचच्या खाली नर्मदेत खारे पाणी वर सरकले, पावसाळ्यात अंडी घालायला नदीत चढणारा हिल्सा मासा कमी झाला, आणि त्यावर जगणाऱ्या कोळी कुटुंबांची जाळी रिकामी येऊ लागली. खारे पाणी थोपवायला भाडभूत येथे बंधाऱ्याचे काम हाती घेतले आहे. संपूर्ण आखातावर बांध घालून गोड्या पाण्याचा सरोवर करण्याच्या कल्पसर योजनेची चर्चा तर आपण कितीतरी वर्षे ऐकतो.

आम्ही शासनाचे नोकर. योजना करावी की करू नये, हे सांगणे आमचे काम नाही, ते आपण निवडून दिलेल्या लोकांचे काम. पण नागरिक म्हणून आपण प्रत्येक योजनेला एक प्रश्न विचारू शकतो : गाळ कुठे जाईल? बांध घातला की आतला गाळ आत राहील, बाहेरचा बांधाबाहेर थबकेल, प्रवाह बदलेल, आणि आज जिथे साचत नाही तिथे साचू लागेल. याची गणिते मांडता येतात. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासून चालणारी केंद्रीय संस्था अशाच कामासाठी आहे, तिथे बंदरांच्या आणि नदीमुखांच्या प्रतिकृती करून पाणी खेळवून पाहतात. गणिताला मोजमाप लागते, उधाणाचे आणि भांगाचे, पावसाळ्याचे आणि हिवाळ्याचे, वर्षानुवर्षांचे. आणि तिथल्या कोळ्यालाही विचारावे लागते. भरूचच्या राजाला दोन हजार वर्षांपूर्वी हे कळले होते.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली कावी-कंबोईविषयी. तिथले शिवलिंग दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दोनदा वर येते. ते जरूर पाहावे, पण भरती-ओहोटीची त्या दिवशीची वेळ आधी विचारून जावे. चिखलावर फोटोसाठी पुढे चालत जाऊ नये. पाणी समोरून येते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते आधी सखल चरांतून शिरते आणि आपल्या मागचा चर भरून टाकते. मग आपण बेटावर. गुडघाभर चिखलात माणूस तासाला किलोमीटरभरही चालू शकत नाही, आणि पाण्याचा वेग आपण मघाशी ऐकला. पाय रुतला तर ताठ उभे राहून ओढू नये. मागे रेलून, वजन पसरून, हलवत हलवत सोडवावा आणि मदतीला हाक मारावी. मुलांचा हात सोडू नये. तिथले स्थानिक लोक 'आता वर या' म्हणाले की वाद घालू नये.

दुसरी गोष्ट कृतज्ञतेची. आखाताच्या टोकाशी भाल प्रदेश आहे, तिथला भालिया गहू आपल्या बहुतेक घरांत येतो. २०११ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तो गहू पावसाळ्याच्या मुरलेल्या ओलाव्यावर, पाण्याच्या पाळ्या न देता पिकतो. ती जमीन नद्यांनी आणि समुद्राने मिळून टाकलेल्या गाळाची आहे. गौरी-गणपतीच्या नैवेद्याला आपण त्या गव्हाची खीर करतो तेव्हा त्यात या गढूळ पाण्याचाही वाटा असतो.

तेव्हा पुढच्या श्रावणात गाडीतून परतताना कुणी 'घाणेरडा समुद्र' म्हणाले, तर त्यांना एवढेच सांगा की ती जमीन आहे, अजून बसायची आहे.



गणपती बाप्पा मोरया!